बाईंनी सोडलेली खुर्ची

"तुमचं यात काय?"

हा प्रश्न विचारण्याआधी बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं माणूस धड दिसत नसे. पण समोरच्याला मात्र आपण आता आरपार दिसणार असं वाटायचं आणि तो खुर्चीत सावरून बसायचा. मोठमोठे डॉक्टर, वकील, निवृत्त सचिव, सगळ्यांची हीच गत. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, चष्मा काढून का विचारता?" त्या म्हणाल्या, "चेहरा दिसला की भीड पडते. भीड पडली की प्रश्न मऊ होतो."

आमच्या संस्थेचं काम नातेवाइकांना समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. तुम्हाला थोडक्यात सांगतो. सरकारला एखाद्या प्रश्नावर धोरण ठरवायचं असलं की सरकार एक समिती नेमतं. समितीतल्या लोकांना सगळंच ठाऊक नसतं. तसं कबूल करण्याइतकी समिती शहाणी असली, तर ती आमच्यासारख्या संस्थेला सांगते की बुवा, या विषयातली जाणती माणसं एका टेबलाभोवती बसवा, त्यांना बोलू द्या, भांडू द्या, आणि त्यातून काय निघालं ते आम्हाला कळवा. याला तज्ज्ञगट म्हणतात. गटाचं म्हणणं समितीकडे जातं, समितीचं सरकारकडे, आणि मग धोरण होतं किंवा होत नाही. बहुतेक वेळा होत नाही. पण झालं तर कितीतरी घरांत फरक पडतो, म्हणून आम्ही ते मन लावून करतो.

माझं पद संशोधन अधिकारी. संशोधन कसलं, तर कोणत्या तज्ज्ञाला संकष्टी आहे, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो आणि कोण कोणाशेजारी बसलं की बोलणं बंद होतं, याचं. उरलेल्या वेळात चर्चेचं इतिवृत्त लिहायचं. बाई आमच्या गटांच्या कायमच्या अध्यक्ष. लोकप्रशासन शिकवून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. सदाशिव पेठेतून चालत यायच्या. मी मूळचा वर्ध्याचा हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं आणि त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. "अहो वर्धा, खिडकी उघडा. एवढी विद्वान माणसं आहेत, हवा कमी पडेल."

त्या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट होती. माझ्या आधीच्या काळात कुठल्याशा रस्त्याच्या प्रश्नावर गट बसला होता. एका तज्ज्ञानं रस्ता अमुक बाजूनंच का न्यावा हे इतकं सुरेख पटवून दिलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही. त्या बाजूला त्या गृहस्थांच्या सासुरवाडीची जमीन होती, हे नंतर कळलं. बाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून कुठल्याही मुद्द्यावर बोलायला तोंड उघडण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, की या निर्णयातून माझा काय फायदा आहे, काय तोटा आहे. "असणं हा गुन्हा नाही," बाई म्हणायच्या, "झाकणं हा गुन्हा आहे." आणि ज्याचं फारच काही गुंतलेलं असेल, त्यानं तेवढ्या मुद्द्यापुरतं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचं.

त्या बाकावर कोण कोण बसून गेलं म्हणून सांगू! औषध कंपनीचे सल्लागार बसले, शाळांचे संस्थाचालक बसले. एक नामांकित वकील बसले ते रागानं लाल होऊन, आणि आतला मुद्दा संपेपर्यंत घोरायला लागले. मी बाकावर चहा पाठवायचो. बाईंची तशी ताकीद होती. "बाहेर बसवलंय, वाळीत नाही टाकलेलं."

हा प्रश्न त्या घरीदारी सगळीकडे वापरायच्या. एकदा मंडईजवळ त्यांच्याबरोबर होतो. भाजीवाला म्हणाला, "घ्या बाई, मेथी आजची आहे, एकदम कोवळी." बाईंनी विचारलं, "तुमचं यात काय?" तो गडबडला, मग हसला. "माझं पोट आहे बाई, दुसरं काय." "खरं बोललात. द्या दोन जुड्या." मी बिबवेवाडीत फ्लॅट बघत होतो तेव्हा एका मित्रानं एका इमारतीची फार तारीफ केली होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मित्राचं यात काय, ते विचारलंत का?" विचारलं. बिल्डर त्याचा मेहुणा निघाला. फ्लॅट मी बिबवेवाडीतच घेतला, पण दुसऱ्या गल्लीत.

तर अशा बाई. आता ज्या कामाबद्दल सांगायचं आहे त्याकडे येतो. ते सांगायला मला अजून जड जातं.

एका समितीनं आमच्याकडे विषय पाठवला: घरीच अंथरुणाला खिळलेल्या किंवा सगळं विसरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल. सरकारनं यात काय करावं आणि काय करू नये. मी फोन केला तर बाई नेहमीसारखं लगेच हो म्हणाल्या नाहीत. "कळवते," म्हणाल्या. असं कधी झालं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी त्यांचा होकार आला, आणि तोही मेसेजवर, एका शब्दाचा.

गटात म्हाताऱ्यांचे आजार पाहणारे एक डॉक्टर होते, गडगडाटी हसणारे. वृद्धाश्रम चालवणाऱ्या एक ताई होत्या, कामानं हात राठ झालेल्या. आणि आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक सचिवसाहेब होते, जे "मूलतः" या शब्दाशिवाय वाक्य सुरू करत नसत. आणखीही दोघे-तिघे यायचे जायचे, पण चर्चा ओढायचे हे तिघे. तिघेही प्रामाणिक माणसं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल, आणि तो यायला नको.

याच दिवसांत बाईंची एक नवी सवय माझ्या लक्षात आली. आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. मधल्या वळणावर सूचनाफलक आहे. बाई तिथे थांबून सूचना वाचायच्या. फलकावर काय होतं, तर पार्किंगची नोटीस आणि केव्हाच होऊन गेलेल्या व्याख्यानाचा कागद. तेच रोज वाचायच्या, जाताना आणि येताना. मला वाटलं, वय झालं. वाचत काही नव्हत्या. तिथे उभं राहून दम घेत होत्या, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

काही कागदांवर त्यांची सही हवी होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता, म्हणून मी घरी गेलो. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. खाली दाताचा दवाखाना आणि स्पर्धा परीक्षांचा क्लास, जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग. बेल वाजवली. आतून कडी, मग साखळी, मग कुलूप, असं बराच वेळ काहीतरी उघडत राहिलं. घरात आतून कुलूप का, असं मनात आलं. बाईंनी दार उघडलं आणि मला बघून क्षणभर त्या दार लावून घेतील असं वाटलं.

"या," त्या शेवटी म्हणाल्या. "आलाच आहात."

आत खुर्चीत काका बसले होते. बाईंचे यजमान. शाळेत भूगोल शिकवायचे, हे मला ऐकून माहीत होतं. दाढी गुळगुळीत केलेली, सदरा इस्त्रीचा. त्यांनी मला मोठ्या अगत्यानं बसायला सांगितलं.

"गाव कोणतं आपलं?"

"वर्धा."

"वा! वर्धा नदी पुढे कोणाला मिळते?"

"वैनगंगेला."

"आणि दोघी मिळून?"

"प्राणहिता."

"शाबास. बसा खाली." ते खूश झाले. जरा वेळानं त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाव कोणतं आपलं?" मी पुन्हा सगळी उत्तरं दिली. पुन्हा शाबास मिळाली. तिसऱ्या खेपेला माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तुम्ही पास झालात," म्हणाल्या. "बऱ्याच जणांना प्राणहिता येत नाही."

मग काकांना डुलकी लागल्यावर त्यांनी मला सांगितलं. आपणहून नाही, मीच विचारलं म्हणून. काकांना विसरायला लागून बरीच वर्षं झाली होती. एकदा ते घरातून निघून गेले आणि पार स्वारगेटला सापडले, तेव्हापासून कुलूप. आया ठेवून पाहिल्या. परक्या हाताचा स्पर्श झाला की काका घाबरून ओरडायचे, आणि दोन दिवसांत आया निघून जायची. बाई मीटिंगला यायच्या तेव्हा शेजारच्या वहिनी जेमतेम तेवढा वेळ बसायच्या. मूलबाळ नाही. एक पुतण्या खराडीला आयटीत, त्याचं लेकरू लहान.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं. त्या बोलताना मधे थांबत होत्या, ते माझ्या लक्षात आलं होतं.

"हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ऑपरेशन करा म्हणतात."

"मग?"

"मग काय? दवाखान्यात राहावं लागणार, घरी आल्यावर विश्रांती. तेवढे दिवस यांना कुठे ठेवू? विचारलं मी सगळीकडे. एके ठिकाणी म्हणाले, विसरणारे पेशंट आम्ही घेत नाही. दुसरीकडे म्हणाले, घेतो, पण कायमचं. चार दिवसांचं आम्ही करत नाही." त्या हसल्या. "नवरा कायमचा ठेवा म्हणतात. चार दिवसांचा नको."

जाताना दारात त्यांनी मला थांबवलं. "हे कोणाला सांगायचं नाही. गटाला तर नाहीच." मी हो म्हटलं. "वर्ध्याचे लोक लवकर हो म्हणतात," त्या म्हणाल्या, "पण पाळतातही." आतून पुन्हा कुलूप, साखळी, कडी.

आता त्या महिन्यात गटापुढे आलेला मुद्दा काय होता, तर विसावा खाटा. कल्पना साधी. पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात थोड्या खाटा राखून ठेवायच्या. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्याला स्वतःचं आजारपण निघालं, परगावी जावं लागलं, किंवा नुसतीच पाठ टेकायची असली, तरी काही दिवस त्या माणसाला तिथे ठेवता यावं. कायमचं नाही. चार दिवसांचं. मुद्दा ताईंनी किंवा डॉक्टरांनी मांडलेला नव्हता, समितीकडूनच आला होता. गटानं होकार दिला तर समिती तो पुढे नेणार, हे जवळपास ठरलेलं. मी विषयपत्रिका टाइप करत होतो आणि माझ्या मनात एकच होतं, की हे होऊ दे. पुढे प्रत्यक्षात यायला वेळ लागला असता, कबूल. पण पालिकेचा एक दवाखाना प्रयोग म्हणून लगेच सुरू करायला तयार होता, आणि तो बाईंच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर होता.

त्या दिवशी सगळे जमले. बाईंनी चष्मा काढला. रीतीप्रमाणे एकेकाला विचारलं. ताई म्हणाल्या, माझा तोटा होऊ शकतो, पण फार नाही. डॉक्टर म्हणाले, माझं काही नाही. सचिवसाहेब म्हणाले, मूलतः काहीच नाही. मग बाईंनी चष्मा परत घातला आणि म्हणाल्या, "माझं यात आहे. त्यामुळे या मुद्द्याला मी खुर्चीत नाही, आणि खोलीतही नाही. सचिवसाहेब, आपण इथे बसा."

डॉक्टर गडगडाटी हसले. "अहो बाई, तुमचं काय असणार?"

"असणार नाही. आहे," बाई म्हणाल्या. पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर गेल्या. सगळ्यांना वाटलं, कुठल्याशा ट्रस्टवर असतील, किंवा कोणी नातेवाईक दवाखान्यात असेल. बाईंचा काटेकोरपणा सगळ्यांना ठाऊक होता. कोणी जास्त विचारलं नाही.

मी पाण्याचं निमित्त करून त्यांच्या मागे धावलो. त्या बाकावर बसल्या होत्या, ज्या बाकावर त्यांनी कितीतरी जणांना बसवलं होतं.

"बाई, आत चला. तुम्हीच सांगू शकता. आतल्या एकालाही हे माहीत नाही."

"म्हणूनच नाही सांगायचं."

"म्हणजे काय?"

"मी आत जाऊन माझं सांगितलं, तर ते माझ्याकडे बघून हो म्हणतील. चांगली माणसं आहेत ती. डॉक्टर तर रडतील. मग तो गटाचा निर्णय राहील का? उद्या कोणीतरी विचारेल, या खाटा कुठून आल्या? तर अध्यक्षबाईंच्या नवऱ्यासाठी आल्या. त्या दिवशी एकूण एक खाट जाईल, आणि ज्यांना गरज आहे त्यांचीही जाईल."

"आणि आज नाही झालं तर? तुमचं काय?"

"अहो वर्धा, नियम माझा आहे. मलाच अवघड गेला म्हणून मोडू?"

मला त्यांचा इतका राग आला होता की मी काहीतरी कठोर बोलणार होतो. पण त्या छातीवर तळवा ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी आत गेलो.

आत चर्चा नीट चालली होती. हेच तर दुःख आहे, की चर्चा नीट चालली होती. डॉक्टर म्हणाले, कल्पना चांगली, पण विसरणाऱ्या माणसाची जागा बदलली की तो आणखी बिघडतो, तिथे शिकलेला सेवकवर्ग हवा, तो कुठून आणणार? खरं होतं. ताई म्हणाल्या, "लोक आणून ठेवतील आणि न्यायलाच येणार नाहीत हो. फोन बंद करून टाकतात. मी भोगलंय." तेही खरं होतं. सचिवसाहेब म्हणाले, "मूलतः मागणी कुठे आहे? माझ्या सबंध नोकरीत असं मागणारा एक माणूस माझ्याकडे आला नाही. आपल्याकडे घरचं माणूस असं ठेवत नाहीत." जे अस्तित्वातच नाही ते मागायला कोण कुठे जाणार, असं मला ओरडून विचारायचं होतं. मी गटाचा सभासद नव्हतो. तरी हात वर केला.

"एक उदाहरण सांगू का? माझ्या माहितीत एक बाई आहेत. नवऱ्याला सोडता येत नाही म्हणून त्यांचं हृदयाचं ऑपरेशन थांबलंय."

ताई चुकचुकल्या. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "वाईट आहे हो. पण एका उदाहरणावरून धोरण करता येत नाही. आपल्या बाईच म्हणतात ना नेहमी?" आणि सगळे हसले. त्या हसण्यात बाईंबद्दल इतकं प्रेम होतं की मला पुढे बोलता येईना.

गटानं ठरवलं, की विसावा खाटांची कल्पना स्तुत्य आहे, तथापि अधिक अभ्यासाची गरज आहे. हे वाक्य मीच लिहिलं. आमच्या धंद्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मग बाईंना आत बोलावलं आणि पुढचा मुद्दा सुरू झाला.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. एरवी त्या बसत नसत, त्या दिवशी बसल्या. अलका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "रागावलात?"

"हो."

"रागवा. पण चर्चा चांगली झाली. मी इतिवृत्त वाचलं. ताईंचं म्हणणं तर मला सुचलंच नव्हतं. न्यायला कोणी आलंच नाही तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि ते उदाहरण कोणी दिलं, ते मला विचारायचं नाहीये."

त्यानंतर पुतण्यानं रजा काढायचं कबूल केलं. तो वाईट मुलगा नव्हता. मी एकदा त्यांच्या घरी असताना त्याचा फोन आला होता, स्पीकरवर. "काकू, या महिन्यात प्रोजेक्टचं रिलीज आहे, मॅनेजर लीव्हच देत नाहीये. नेक्स्ट मंथ हंड्रेड पर्सेंट. तू ऑपरेशनची डेट घेऊन ठेव." बाईंनी तारीख घेतली. रिलीज पुढे गेलं. बाईंनी तारीख पुढे घेतली. काका पलीकडच्या खुर्चीतून म्हणाले, "कोण येणार आहे? मग पोहे कर." "हो," बाई म्हणाल्या, "करते."

गटाचं काम या काळात पूर्ण झालं. शेवटच्या बैठकीला बाईंनी सगळ्यांचे आभार मानले, मला खिडकी उघडायला सांगितलं आणि जिना उतरताना वळणावर बराच वेळ सूचना वाचल्या. मी वरून कठड्यापाशी उभा होतो. खाली जाऊन त्यांच्याबरोबर उभं राहिलं तर त्यांना आवडणार नाही, हे मला माहीत होतं.

त्या गेल्या त्या एका सकाळी. दूध तापत ठेवलं होतं, त्या ओट्याशीच खाली बसल्या असाव्यात. काकांनी बराच वेळ वाट पाहिली असेल. दाराचं रात्रीचं कुलूप त्या दिवशी नेमकं निघालेलं होतं. काका जिना उतरून खालच्या क्लासमध्ये गेले. मुलं अभ्यास करत होती. काका दारात उभे राहून म्हणाले, "जरा कोणी वर येता का? हिला ऐकू येत नाहीये."

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी बिनसाखरेच्या चहाची सोय करत होतो. मी जिन्याच्या वळणावर जाऊन बसलो आणि रडलो. माझी आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. दुःख होतंच, पण रागही तितकाच होता. बाईंचा राग, नियमाचा राग, आणि त्या नीट चाललेल्या चर्चेचा राग. बाई बरोबर होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. त्याचा काही उपयोग होत नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. डॉक्टर आले, ताई आल्या, सचिवसाहेब आले, बाईंचे जुने विद्यार्थी आले. आणि सभा सुरू व्हायच्या जरा आधी पुतण्या काकांना घेऊन आला. इस्त्रीचा सदरा, पण दाढी वाढलेली. शोकसभेला काकांना का आणलं, असं कोणीतरी कुजबुजलं. पुतण्या ऐकून म्हणाला, "घरी कोणाकडे ठेवू?"

तोपर्यंत गटातल्या कोणालाच काकांची अवस्था माहीत नव्हती. डॉक्टर त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं, ओळखायला वेळ लागला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी ताईंना काहीतरी सांगितलं, ताईंनी पदर तोंडाला लावला. सचिवसाहेबांना कोणी काही सांगावं लागलं नाही. ते बाईंनी त्या दिवशी दिलेल्या खुर्चीकडे बघत होते.

भाषणं झाली. बाईंचा निःपक्षपातीपणा, बाईंची शिस्त. प्रत्येक भाषण संपलं की काका टाळ्या वाजवायचे. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण कोणी त्यांना थांबवलं नाही. डॉक्टर बोलायला उभे राहिले, "बाई" म्हणाले आणि परत बसले. काकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

सभा संपली. लोक उठले, पिशव्या घेतल्या, डॉक्टरांच्या हातात गाडीची किल्ली आली. तेवढ्यात पुतण्या पुढे आला. त्याचे डोळे तांबारलेले होते, बहुतेक झोप नव्हती.

"सॉरी, एक मिनिट," तो म्हणाला. "मला उद्यापासून ऑफिसला जावंच लागेल. बायकोचीही लीव्ह संपलीय. काका बाईमाणसाला हात लावू देत नाहीत, पुरुष अटेंडंट आला तर मारायला उठतात. मला त्यांना कायमचं कुठे टाकायचं नाहीये. नीट अरेंजमेंट होईपर्यंत, फक्त चार दिवस. तुम्ही सगळे याच फील्डमधले ना? काकू सांगायची, सगळ्यात मोठी माणसं आहेत म्हणून." तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. "सांगा ना. कुठे ठेवू?"

त्याला खरंच उत्तर हवं होतं. उपहास नव्हता त्यात, तक्रार नव्हती. त्याला काहीच माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, "मी... मी बघते विचारून," आणि पिशवीत फोन शोधायला लागल्या.

आपल्यामुळे काहीतरी अडचण झाली आहे, एवढं काकांना समजलं. ते खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले आणि सगळ्यांना नमस्कार केला.

"माझ्यासाठी खोळंबू नका तुम्ही," ते म्हणाले. "आपापली कामं असतील. मी बसतो इथे. ही आली की आम्ही जाऊ."

मग सचिवसाहेब जवळच्या खुर्चीत बसले. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्याही बसल्या. डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली. मागे दारापर्यंत गेलेली माणसं परत आली, एकेक करून खुर्च्या ओढल्या, आणि मी दार लोटून काकांच्या शेजारी जाऊन बसलो.